शरदातील परसबाग : काढणी, आवराआवर आणि पुढची पेरणी

(प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



परसबागेवरील भाषणे बहुधा मृग नक्षत्राच्या सुमारास होतात. जमीन कशी खणावी, वाफे कसे पाडावेत, बी केव्हा टाकावे, हे सारे जून महिन्यात सांगितले जाते आणि उत्साहही त्याच वेळी दांडगा असतो. मी मात्र हेतुपुरस्सर आश्विन-कार्तिकातील कामाचा विषय आपणांपुढे मांडणार आहे. आपल्या नांदेड-लातूरच्या भागात शाळेची परसबाग पावसाळ्यात सहसा मरत नाही. ती मरते दिवाळीच्या सुटीत. परतीचा पाऊस सरलेला असतो, काळ्या जमिनीला भेगा पडू लागलेल्या असतात, प्रथम सत्राच्या परीक्षेची घाई असते आणि परीक्षा आटोपताच शाळेला कुलूप लागते. सुटीनंतर मुले परत येतात तेव्हा भेंडीच्या काड्या झालेल्या असतात, दोडक्याचे वेल कुंपणावर करपलेले असतात आणि वाफ्यांतून शेळ्या हिंडत असतात. ज्या मुलांनी चार महिने तण काढले, कळशीने पाणी घातले, त्यांच्या मनावर यातून एक संस्कार होतो. हाती घेतलेले काम मध्येच सोडून द्यावयाचे असते, हा तो संस्कार होय. पुस्तकातील कोणताही पाठ तो पुसून टाकू शकत नाही.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, वेळेवर काढणी, नीट आवराआवर आणि पुढच्या हंगामाची तयारी हा परसबागेचा सर्वांत मोलाचा पाठ आहे, आणि तो सुटीपूर्वीच्या पंधरवड्यात शिकवून पुरा झाला पाहिजे. शाळा दोन शिक्षकी असो वा सात शिक्षकी, बाग दोन गुंठ्यांची असो वा भिंतीलगतची दहा हातांची पट्टी असो, हा पाठ सर्वांना घेता येण्यासारखा आहे.

हाताच्या कामातून शिक्षण ही कल्पना आपल्याला नवी नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने मूलोद्योगी शिक्षणाचा आराखडा तयार केला. त्यात सूतकताईबरोबर शेती व बागकाम यांनाही स्थान होते. पुढे योजना बदलल्या, नावे बदलली. १५ ऑगस्ट १९९५ पासून शालेय पोषण आहाराचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि २०१९ साली केंद्र शासनाने शाळांतील पोषण-परसबागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. परिपत्रके आपण सर्वांनी वाचली आहेत. मला बोलावयाचे आहे ते परिपत्रकात न मावणाऱ्या तपशिलांविषयी.

प्रथम काढणीचा विचार करू. काढणी म्हणजे दिसेल ते तोडणे नव्हे. प्रत्येक भाजीची एक वेळ असते आणि ती ओळखण्याची खूणही असते. या खुणा मुलांना शिकविणे हेच खरे निरीक्षणाचे शिक्षण. भेंडीचे टोक बोटाने मोडावे; कट्कन मोडले तर भेंडी कोवळी, वाकले तर ती जून झाली. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते. झाडावर चार भेंड्या जून होऊ दिल्या की झाडाची सारी शक्ती बी पोसण्याकडे वळते आणि नवी फुले येणे मंदावते. गवारीचेही तसेच. दुधी भोपळ्याच्या सालीत नख सहज रुतले पाहिजे. तांबड्या भोपळ्याची खूण नेमकी उलटी : नख रुतेनासे झाले आणि देठ वाळून खरबरीत झाला, म्हणजे तो पिकला. वांग्याची तकाकी गेली की आत बी भरू लागले असे समजावे. टोमॅटोच्या फळावर लाली चढू लागताच ते उतरवावे; ते घरात पिकते आणि पाखरांच्या चोचीतून वाचते. पालक मुळासकट उपटू नये. चार बोटे खोड राखून कापावा, म्हणजे तो पुन्हा फुटतो. अंबाडीची कोवळी पाने खुडत राहावे, म्हणजे बगलेतून नवे फुटवे येतात.

काढणी सकाळी, ऊन चढण्यापूर्वी करावी. रात्रभरात पानांत व फळांत पाणी भरलेले असते आणि सकाळी काढलेली भाजी दुपारच्या स्वयंपाकापर्यंत टवटवीत राहते. फळ ओढून तोडू नये, कारण ओढल्याने वेल मुळापासून हलतो. विळ्याने देठ कापण्याचे काम मोठ्या मुलांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली करावे. लहानांनी पाटी धरावी, मोजावे आणि लिहावे. तांबड्या भोपळ्यास दोन बोटे देठ राखावा आणि तो कोरड्या, हवेशीर जागी फळीवर किंवा भुसकटावर एकमेकांस न लागता ठेवावा. देठ मोडलेला किंवा खरचटलेला भोपळा आधी वापरावा. न दुखावलेला भोपळा महिना-दोन महिने सहज टिकतो आणि सुटीनंतर बागेत काही नसते त्या दिवसांत स्वयंपाकाला उपयोगी पडतो.

येथे सुरक्षिततेच्या चार गोष्टी सांगणे अगत्याचे आहे. एक, दुधी किंवा काकडी कडू लागली तर ती स्वयंपाकात घालू नये. दुधी चिरताना मोठ्या माणसाने लहानशी चकती जिभेला लावून पाहावी आणि कडू असल्यास थुंकून टाकून सारे फळ खड्ड्यात घालावे. त्यातील कुकुरबिटासिन हे द्रव्य विषारी असून शिजविल्याने नाहीसे होत नाही. कारल्याचा कडूपणा निराळा. त्याची भीती नाही. दोन, पुष्कळ शाळांच्या कुंपणाला चंद्रज्योत, म्हणजेच मोगली एरंड, लावलेला असतो. त्याची बोंडे या दिवसांत पिकतात आणि आतील बी शेंगदाण्यासारखे दिसते. ते खाऊन शाळकरी मुलांना विषबाधा झाल्याच्या बातम्या आपण वृत्तपत्रांत वारंवार वाचतो. कुंपणाची छाटणी करताना ही बोंडे पहिल्याने उतरवून पुरून टाकावीत. धोतऱ्याचेही झाड शाळेच्या आवारात राहू देऊ नये. तीन, पावसाळ्यानंतरच्या गवतात आणि पाल्याच्या ढिगाऱ्यात विंचू व साप आसऱ्याला येतात. मुलांनी थेट हात घालण्यापूर्वी मोठ्यांनी लांब काठीने ढीग हलवून घ्यावा. दुर्दैवाने दंश झालाच तर जखम कापणे, आवळून बांधणे, मांत्रिकाकडे धावणे यात वेळ न घालविता मुलाला न चालविता, धीर देत दवाखान्यात न्यावे. चार, शेतातील फवारणीची औषधे शाळेच्या बागेत आणू नयेत आणि त्यांचे रिकामे डबे पाण्यासाठी वापरू नयेत. २०१७ साली आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, हे आपण विसरता कामा नये. मावा-तुडतुडे फार झालेच तर एक लिटर पाण्यास पन्नास ग्रॅम निंबोळीचे पीठ रात्रभर भिजवून, गाळून, चिमूटभर साबण घालून शिंपडावे. आपल्या कामाला तेवढे पुरे आहे.

काढलेल्या भाजीचे काय करावयाचे? हा प्रश्न वरवर साधा दिसतो. पण शाळेची बाग कोणाची, याचा निकाल येथेच लागतो. मुलांनी वाढविलेला पहिला उत्तम भोपळा पाहुण्यांच्या सत्कारात गेला, किंवा कोवळी वांगी कोणाच्या पिशवीत गेली, तर मुले तोंडाने काही बोलत नाहीत. परंतु ती सारे पाहत असतात. आपणांपैकी कोणी असे करतो असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. तथापि नियम स्पष्ट असलेला बरा : बागेतील पहिली पाटी मुलांच्या पातेल्यात जाईल. ती सर्वांच्या पातेल्यात जाईल. ज्यांनी काम केले त्यांच्याही आणि आजारपणामुळे वा शेतातील कामामुळे जे गैरहजर राहिले त्यांच्याही.

या ठिकाणी थोडा हिशेब करून पाहू. पोषण आहाराच्या निकषानुसार प्राथमिक वर्गातील मुलास दररोज ५० ग्रॅम आणि उच्च प्राथमिक वर्गातील मुलास ७५ ग्रॅम भाजी मिळावयास हवी. साठ मुलांच्या प्राथमिक शाळेस दिवसाला तीन किलो भाजी लागेल. लहानशी परसबाग एवढी भाजी रोज देऊ शकणार नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करावे आणि मुलांनाही सांगावे. आठवड्यात तीन किलो भाजी निघाली तर एका दिवसाची सोय झाली. पाच किलो निघाली तर एक दिवस भागून दोन किलो उरली. हे गणित फळ्यावर मांडण्यासारखे आहे. बागेची नोंदवही ठेवावी. तारीख, भाजी, वजन, कोणी तोडली, कोणत्या दिवशी शिजली, एवढे पाच रकाने पुरेत. चौथीच्या मुलास किलो-ग्रॅमची बेरीज, सरासरी आणि आलेख यांसाठी याहून चांगले उदाहरण कोणत्या पुस्तकात मिळणार? शिवाय ज्या मुलाने स्वतः तोडलेली अंबाडी तराजूत घातली, ते ताटातील अंबाडी सहसा बाजूला सारीत नाही. पालेभाजी चिरण्यापूर्वी धुवावी, नंतर नव्हे, आणि शिजविलेले पाणी फेकू नये, या दोन गोष्टी स्वयंपाक करणाऱ्या ताईंशी आदराने बोलून ठरवून घ्याव्यात. त्यांचा या विषयातील अनुभव आपल्यापेक्षा अधिक असतो, हेही ध्यानात ठेवावे.

आता बियाण्याविषयी. आपल्याकडे बी राखण्याची एक चुकीची रीत पडून गेली आहे. सर्व चांगली फळे खाऊन झाल्यावर झाडाच्या शेंड्याला जे वेडेवाकडे, किडके फळ उरते ते बियाण्यासाठी सोडून दिले जाते. पुढच्या वर्षी त्याच वेड्यावाकड्या फळांची पैदास होते. खरी रीत अशी की, भर हंगामात सर्वांत निरोगी झाड हेरावे, त्याच्या मधल्या भागातील दोन-तीन फळांना रंगीत दोरा बांधावा आणि ती कोणी तोडू नयेत असे सर्वांना सांगावे. भेंडी झाडावरच वाळून तिच्या कडा उकलू लागल्या म्हणजे काढावी. दुधी वाळून हलविला असता आत बी खुळखुळले पाहिजे. वांगे पिवळे होईपर्यंत झाडावर ठेवावे. टोमॅटोचे बी गरासह वाटीत पाणी घालून दोन दिवस ठेवावे, वरचा बुळबुळीत थर सुटला की धुऊन सावलीत वाळवावे. बी पुरते वाळल्यावर कोरड्या बाटलीत घालून बूच घट्ट लावावे आणि चिठ्ठीवर जातीचे नाव, महिना व साल लिहावे.

संकरित बियाण्याच्या झाडाचे बी मात्र राखू नये. त्याची संतती एकसारखी निघत नाही. यासाठी शक्य तेथे सरळ वाण लावावेत. आपल्या शेजारी परभणीस १९७२ साली कृषी विद्यापीठ स्थापन झाले. आज ते वसंतराव नाईकांच्या नावाने ओळखले जाते. तेथे तयार झालेला ‘परभणी क्रांती’ हा भेंडीचा वाण साऱ्या देशात गेला. पुसा सावनी ही लागवडीतील भेंडी आणि तिची एक रानटी भाईबंद यांच्या संकरातून निवड करीत करीत तो स्थिर करण्यात आला. पाने पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगास तोंड देण्याची शक्ती ही त्याची ख्याती. हा सरळ वाण असल्याने त्याचे बी राखता येते. बियाणे राखण्याचे काम किती मोठे असू शकते हे मुलांना सांगावयाचे असेल, तर अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे उदाहरण द्यावे. शाळेची पायरी न चढलेल्या या शेतकरी बाईंनी गावरान वाणांची बियाणे-पेढी उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

बी उगवेल की नाही हे आधी पाहण्याची पद्धत आपल्या घराघरांत आहेच. आश्विन शुद्ध प्रतिपदेला घटस्थापना होते, शेतातील काळी माती आणून तीत धान्य पेरले जाते आणि नऊ दिवसांत ते किती व कसे उगवते याकडे घरातील मोठी माणसे लक्ष ठेवून असतात. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याच्याकडे. परंतु रब्बीच्या तोंडावर केलेली ही उगवणशक्तीची चाचणीच आहे, हे मुलांच्या सहज लक्षात येईल. शाळेत हीच चाचणी मोजमापाने करावी. ओल्या गोणपाटाच्या तुकड्यावर मेथीचे किंवा कोथिंबिरीचे पन्नास दाणे ओळीने मांडून गुंडाळी करावी, ती रोज ओलसर ठेवावी आणि उगवलेले दाणे मोजून शेकडेवारी काढावी. मेथी चार-पाच दिवसांत कळते. कोथिंबिरीला दुप्पट दिवस द्यावे लागतात. चाळीस उगवले तर शेकडा ऐंशी; मग पेरताना बी किती जास्त घ्यावयाचे, हा पुढचा प्रश्न मुले आपणच विचारतील.

यानंतर येते आवराआवर. येथे दोन टोके टाळावयाची आहेत. एक टोक म्हणजे वाळलेली बाग तशीच सोडून देणे. दुसरे म्हणजे सारे उपटून, गोळा करून पेटवून देणे. पेटविल्याने आवार स्वच्छ दिसते खरे, पण ज्या पालापाचोळ्याचे खत व्हावयाचे त्याची राख व धूर होतो, आणि तो धूर शेजारच्या वर्गातील मुलांच्याच छातीत जातो.

प्रथम झाडांची वर्गवारी करावी. केवडा पडलेली भेंडी, पाने आकसून गेलेली मिरची, बोकडलेली टोमॅटोची झाडे ही रोगट मंडळी. ती मुळासकट काढून बागेपासून दूर खोल पुरावीत. खताच्या ढिगात मिसळू नयेत. वांगी व मिरचीची निरोगी झाडे उपटण्याचे कारण नाही. वाळक्या फांद्या छाटाव्यात, बुंध्याशी खत द्यावे, म्हणजे ती पुन्हा फुटतात व हिवाळ्यात फळ देतात. चवळी, गवार, वाल ही शेंगवर्गीय झाडे संपली की जमिनीलगत कापावीत. मुळे जमिनीतच राहू द्यावीत. त्यांतील एखादे अजून हिरवे असलेले झाड मात्र सावकाश खणून मुलांना दाखवावे. मुळांवर बारीक गाठी दिसतील. गाठ नखाने फोडली आणि आत गुलाबी रंग दिसला, तर हवेतील नत्र धरून ठेवणारे जिवाणू तेथे काम करीत आहेत असे समजावे. विज्ञानाच्या पुस्तकातील नत्रचक्राची आकृती या एका मुळापुढे फिकी पडते.

आवारातील गाजरगवताचा निकाल याच वेळी लावावा. हे तण १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आले आणि आज ते नाही असा बांध सापडत नाही. त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या अंगावर खाज व पुरळ उठते, म्हणून लहान मुलांकडून ते उपटवून घेऊ नये. मोठ्यांनी हातमोजे किंवा पिशवी हाताला बांधून ते उपटावे. फुलावर येण्यापूर्वी उपटले तर त्याचे खत होते. फुलल्यावर ते बागेच्या खतात घालणे म्हणजे पुढच्या वर्षीचे तण पेरणे होय.

राहिलेल्या निरोगी काडीकचऱ्याचे खत करावे. सर आल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथे विकसित केलेली ढीग लावण्याची पद्धत बहुतेकांना ठाऊक असेल. आपल्या अधिक जवळची म्हणजे पैनगंगेपलीकडील पुसदचे नारायण देवराव पंढरीपांडे यांची ‘नाडेप’ पद्धत. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच असे विटांचे हौद, भिंतींत हवा खेळण्यासाठी भोके, आत काडीकचरा, शेणकाला व माती यांचे थर. तीन-चार महिन्यांत खत तयार. लहान शाळेस एवढा हौद नको. आवाराच्या सावलीच्या कोपऱ्यात हातभर खोल खड्डा घ्यावा किंवा कमरेइतका ढीग लावावा. वाळका पाला वीतभर, त्यावर ओला पाला चार बोटे, वर शेणकाला आणि मूठभर माती, असे थर द्यावेत. ओलावा पिळलेल्या फडक्याइतका असावा. महिन्याने एकदा वरखाली करावे. ढिगात हात घातला असता ऊब लागते, ती कोठून आली, हा प्रश्न मुलांना विचारावा आणि उत्तर लगेच सांगू नये.

आता जमीन व पाणी. आपली काळी जमीन फार मानी आहे. ओली असताना तिच्यात कुदळ घातली तर ढेकळे दगडासारखी होतात; फार वाळू दिली तर कुदळ उसळते. परतीच्या पावसानंतर वाफसा येईल तेवढ्या चार-सहा दिवसांतच वाफे खुरपून भुसभुशीत केले पाहिजेत. खुरपलेल्या वाफ्यावर लगेच आच्छादन घालावे. याच दिवसांत गावोगाव सोयाबीनची रास होते आणि भुसकटाचे ढीग पडतात. पालकांकडून दोन-चार पोती भुसकट सहज मिळते. चार बोटे जाडीचा थर अंथरला की ऊन जमिनीपर्यंत पोचत नाही, भेगा पडत नाहीत आणि ओल टिकते.

पाण्याचे मोल आपल्या भागास शिकवावयास नको. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून बागेसाठी निराळे पाणी मागण्यापूर्वी शाळेतून रोज वाहून जाणारे पाणी मोजावे. शंभर मुलांनी जेवणापूर्वी हात धुण्यास प्रत्येकी अर्धा लिटर पाणी घेतले तर पन्नास लिटर झाले. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. हिवाळ्यात भाजीच्या वाफ्यास दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर या हात धुतलेल्या पाण्यावर सुमारे दहा चौरस मीटर वाफा जगतो. ते पाणी पानांवर न ओतता सरीतून सोडावे. तांदूळ, डाळ व भाज्या धुतलेले पाणीही असेच वळवावे.

मग सुटीचा प्रश्न. सुटीत जगवावयाची झाडे थोडी ठेवावीत : वांगी, मिरची, शेवगा, कढीपत्ता, एखादा वालाचा वेल. त्यांच्या बुंध्याशी कच्च्या भाजणीचे, न रंगविलेले मडके गळ्यापर्यंत पुरावे, ते पाण्याने भरून वर झाकण ठेवावे. पाणी मडक्यातून पाझरत मुळांना मिळते आणि रोज येण्याची गरज राहत नाही. तीन-चार दिवसांनी पुन्हा भरले की झाले. या पाळ्या सुटीपूर्वीच ठरवून लिहाव्यात. शाळेजवळ राहणारी मुले, त्यांच्या पालकांच्या संमतीने, एखाद्या मोठ्या माणसासह येतील. शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्यही एखादी पाळी घेतील. ज्याची पाळी त्याला त्या दिवशीची भाजी द्यावी आणि तशी नोंद वहीत करावी. दाराशी फाटकाला काटेरी झाप लावण्यास विसरू नये. सुटीत बागेचा पहिला शत्रू ऊन नसून शेळी आहे.

रब्बीच्या पेरणीची घाई सुटीपूर्वी करू नये. उगवलेले कोवळे अंकुर सुटीत पाण्यावाचून जळतात. वाफे तयार करून, आच्छादून ठेवावेत आणि शाळा उघडताच पहिल्या दोन दिवसांत मेथी, पालक, मुळा, गाजर आणि कोथिंबीर पेरावी. लसणाच्या पाकळ्या टोचाव्यात. कोथिंबीर तर आपल्या मातीचा मान आहे : लातूरच्या कास्ती कोथिंबिरीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच वेळी बोरसुरीच्या तूरडाळीला आणि पानचिंचोलीच्या चिंचेलाही मिळाले. मेथी महिन्याभरात हाती येते. कार्तिकात पेरलेली मेथी मार्गशीर्षाच्या अमावास्येपर्यंत, म्हणजे आपल्या येळवशीपर्यंत, तयार होते. त्या दिवशी लातूर जिल्ह्यात आणि नांदेडच्या सीमाभागात गावेच्या गावे शेतात जेवावयास जातात आणि तूर, हरभरा, पालेभाज्या एकत्र शिजवून भज्जी करतात. येळवशीच्या आधी एखाद्या दिवशी शाळेच्या बागेतील भाजी घालून सर्व मुलांसाठी भज्जी शिजविली, तर शाळेची दुसऱ्या सत्रातील सुरुवात सणाने होईल. त्याच सुमारास लोहा तालुक्यात माळेगावची यात्रा भरते. तेथील कृषी प्रदर्शन दाखविण्यासाठी मुलांना नेता आले, तर आपल्या भोपळ्याची तुलना मोठ्या भोपळ्यांशी करण्याची संधी त्यांना मिळेल.

शेवटी एका नाजूक गोष्टीचा उल्लेख करतो. आवराआवरीचे काम कष्टाचे आहे आणि थोडे घाणीचेही आहे. अशा कामाची वाटणी करताना गावातील जुनी वाटणी नकळत शाळेत शिरते. झाडणे मुलींकडे, पाणी ओढणे मुलांकडे. शेण कालविणे एखाद्या ठरावीक वस्तीतील मुलांकडे, आणि नोंदवही लिहिणे चांगले कपडे घालून येणाऱ्यांकडे. कोणी मुद्दाम ठरवीत नाही. पण ठरून जाते. जे मूल वर्षभर शेणच कालविते त्याला परसबागेने श्रमाची प्रतिष्ठा शिकविली नाही, त्याची जागा तेवढी शिकविली. यावर उपाय सोपा आहे. कामाच्या चिठ्ठ्या कराव्यात, दर आठवड्याला त्या फिराव्यात, आणि शेणाच्या पाटीला पहिला हात शिक्षकाचा लागावा. नोंदवहीतही प्रत्येकाचे अक्षर उमटले पाहिजे. तसेच उशिरा आलेल्या किंवा पाढे न आलेल्या मुलास शिक्षा म्हणून बागेत पाठवू नये. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने मुलांना शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास मनाई केली आहे, हे तर खरेच. पण कायदा नसता तरी ही गोष्ट चुकीचीच ठरली असती. ज्या कामाची शिक्षा झाली, त्या कामाचा मान राहत नाही, आणि ज्याच्या घरी सारेजण तेच काम करून पोट भरतात त्या मुलाच्या आईबापांचाही मान राहत नाही.

आपणांवर कामाचा भार किती आहे, हे मी जाणतो. माहिती भरावयाची असते, परीक्षा घ्यावयाच्या असतात, निकाल लावावयाचे असतात. म्हणून मी नवीन तास मागत नाही. सुटीपूर्वीच्या पंधरवड्यात अर्ध्या अर्ध्या तासाची सहा कामे मागतो : एक काढणीचे व वजनाचे, एक बियाण्याचे, एक रोगट-निरोगी झाडे वेगळी करण्याचे, एक खताचा ढीग लावण्याचे, एक वाफे खुरपून आच्छादण्याचे आणि एक सुटीतील पाळ्या ठरविण्याचे. यांतील प्रत्येक काम गणिताच्या, परिसर अभ्यासाच्या किंवा मराठीच्या तासाचेच काम आहे. आजच परिषद संपल्यावर आपापल्या शाळेतील सुटीचा पहिला दिवस कोणता आहे ते पाहावे, त्यापासून मागे पंधरा दिवस मोजावेत आणि ही सहा कामे त्या दिवसांपुढे लिहून ठेवावीत, एवढी माझी विनंती आहे.

सुटीनंतर फाटक उघडून मुले आत येतील, त्या वेळी त्यांना वांग्याला नवी फुटलेली पालवी दिसावी, ढिगातील पाला काळा होऊ लागलेला दिसावा आणि भुसकटाखाली हात घातला तर ओल लागावी. ज्या वाफ्यात परवा भेंडी होती तेथे उद्या मेथी पेरावयाची आहे, हे त्यांना कोणी सांगावे लागू नये.